डायनोसॉरच्या कुशीतली तार

"परग्रहवासी तार ओढायला आले, तर आधी मला घेऊन जातील," रॉकेटने जाहीर केलं. "मी आईच्या शेजारीच उभा राहणार आहे."

"नेतील आणि संध्याकाळी आणून सोडतील," भिंगरी म्हणाली. "तुझी बडबड त्यांना तरी कशी झेपणार?"

तिचा धाकटा भाऊ खिदळला. तो सदान्‌कदा तिच्या मागेमागे असायचा, म्हणून घरात सगळे त्याला शेपूटच म्हणत. दोघं सुट्टीत आत्याकडे आले होते आणि आल्यापासून आतेभाऊ रॉकेट परग्रहवासीयांशिवाय दुसरं काही बोलत नव्हता.

त्याचंही काय चुकलं म्हणा. आत्या काम करायची त्या संग्रहालयात खाणीतून एक डायनोसॉर आला होता. नुसती हाडं नव्हती, अंगावरचे खवले, मानेच्या वळ्या, पापण्यासुद्धा जशाच्या तशा होत्या. जेवून आडवा झालाय आणि हाक मारली तर उठेल, असं वाटायचं. आत्या वर्षभर बारीक ड्रिलने त्याच्याभोवतीचा दगड खरवडत होती. काल संचालकांनी त्याच्या कुशीवरचा सुकलेला चिखल पुसला, तर खाली एक गोल भोक आणि त्यात तार! त्या काळी माणूस सोडा, माकडही नव्हतं. मग तार घातली कुणी? संचालकांनी रातोरात टीव्हीवाल्यांना बोलावलं. आज कॅमेऱ्यासमोर आत्या ते भोक मोठं करणार होती.

पाहुणे यायच्या आधी मुलं शेडमध्ये शिरली. शेड संग्रहालयापासून लांब, मोकळ्या मैदानात होती. मध्ये काचेची खोली, तिच्यात प्राणी. भिंगरीने खोलीत शिरून वाकून भोकात पाहिलं आणि तिची थट्टा जागच्या जागी विरली.

भोक सरळसोट होतं. आत माती ठासून भरलेली होती. मातीतून एक नव्हे, दोन तारा बाहेर आल्या होत्या, एक लाल, एक पिवळी.

"ही बाबांची माती आहे," ती म्हणाली.

"काय?"

"बाबा सुरुंग लावायचे ना. दारू भरली की वरून अशीच माती ठासायचे. मी डबा घेऊन जायचे तेव्हा बघितलंय. हा न उडालेला बार आहे रॉकेट. दारू आतच आहे."

रॉकेटच्या तोंडचं पाणी पळालं. मामा कसा गेला, ते त्याला ठाऊक होतं. न उडालेल्या अशाच एका बाराने दोन वर्षांपूर्वी त्याचा जीव घेतला होता. आणि आता त्याच मातीत आई ड्रिल घालणार होती.

तिघं संचालकांकडे धावली. ते आरशासमोर टाय नीट करत होते.

"सुरुंग?" ते हसले. "अगं बाळा, खाणवाल्यांना कळला नसता का? त्यांचं पोटच त्याच्यावर आहे."

"आत्याला तरी थांबवा. आधी कुणाला तरी दाखवा."

"सगळे येऊन बसलेत. आता थांबवलं तर माझं नाक कापलं जाईल." त्यांनी पहारेकऱ्याला खूण केली. "यांना दोरीच्या मागे उभं करा."

तोवर शेड भरली होती. आत्या कानांवर आवाज अडवणारं जाडजूड आवरण चढवून काचेच्या खोलीत बसली होती. रॉकेटने "आई, आई" म्हणून घसा फोडला, पण तिला ऐकूच आलं नाही. पहारेकऱ्याने त्याचा दंड धरला. आत ड्रिल सुरू झालं. अजून ती कडेचा दगड काढत होती. माती तिथून बोटभर अंतरावर होती.

"खरं सांगून यांना पटत नाही," रॉकेट रडवेला होऊन पुटपुटला. मग एकदम ताठ झाला. "जे पटतं तेच सांगतो."

हात सोडवून तो खुर्चीवर चढला.

"तारेतून किरण येताहेत! ज्यांच्या हातांना मुंग्या येताहेत त्यांनी आधी बाहेर पळा!"

मग एक बाई किंचाळली, "माझ्या येताहेत!" बघता बघता सगळ्यांच्याच हातांना मुंग्या आल्या. खुर्च्या पडल्या, कॅमेरा आडवा झाला आणि दारात सगळ्यांच्या पुढे संचालकच होते. पहारेकरीही पळाला. रॉकेटने शेपटाला काखोटीला मारलं आणि बाहेर नेलं.

भिंगरी मात्र उलट्या दिशेने धावली. काचेचं दार उघडून तिने भिंतीतला प्लग उपटला.

ड्रिल थांबलं. आत्याने कानांवरचं काढलं.

"आत्या, बार आहे. बाबांच्या खाणीतल्यासारखा."

आत्याने मातीकडे पाहिलं, मग भाचीकडे. तिने ड्रिल हळूच बसायच्या गादीवर ठेवलं, भिंगरीचा हात धरला आणि दोघी पावलं न वाजवता बाहेर पडल्या.

दुपारी पोलिसांचं बॉम्ब पथक आलं. खाणीच्या मुकादमालाही बोलावलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

"आम्ही प्रत्येक बाराचा आवाज मोजतो," तो म्हणाला. "एक कमी आला तर कुणी पुढे जायचं नाही, असा नियमच आहे. पण त्या दिवशी धुरळा बसला आणि समोर हे जनावर दिसलं. सगळे बघायला धावलो. मोजायचं कुणाला सुचलंच नाही."

पथकाचा प्रमुख आत्याला म्हणाला, "जागेवरच उडवणं बरं. प्राणी वाचवायचा असेल तर माझ्या एका माणसाला आत हात घालून माती काढावी लागेल."

"माणसाचा हात नको," आत्या म्हणाली. "उडवा."

वाळूची पोती रचली गेली. सगळ्यांना लांब नेलं. आवाज झाला, शेडचं छप्पर उचकटलं आणि वर्षभराचं काम धूळ होऊन मैदानावर पसरलं. मान आणि डोकं तेवढं वाचलं.

संचालक चाचरत मुलांची माफी मागून गेले. प्रमुखाने तिघांशी मोठ्या माणसांशी करतात तसा हात मिळवला. रॉकेटला म्हणाला, "इतक्या कामाची थाप आजवर ऐकली नव्हती." एरवी रॉकेट हवेत गेला असता. आज तो आईच्या पदराला धरून उभा राहिला.

आत्या कठड्यावर बसून हुंदके देत होती. भिंगरी तिच्याजवळ गेली.

"आत्या, रडू नकोस गं. डोकं आहे ना शिल्लक."

"त्या जनावराला मरून युगं लोटली," आत्या म्हणाली. "त्याच्यासाठी कशाला रडू? अगं, सगळे बाहेर पळाले आणि तू आत आलीस. माझ्या भावाची पोर तू. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

आणि तिने भिंगरीला इतकं घट्ट जवळ ओढलं की तिला श्वास घेता येईना, तरी ती हलली नाही.