मध्येच सोडणारी

कोंबिनीतल्या, त्या चोवीस तास उघड्या जपानी दुकानातल्या, झेरॉक्स मशीनचं झाकण कौमुदीनं उचललं, तर आत कुणाचातरी कागद विसरलेला. बाजूला ठेवता ठेवता तिला स्वतःचंच नाव दिसलं. वर पाच नावं, ‘पहिल्या दहात येणारे’. आणि खाली एकटंच – ‘मध्येच सोडणारी : कौमुदी, नंबर २१४’.

“तो... माझा आहे,” मागून कुणीतरी धापा टाकत म्हणालं. उंच, भिजलेला, चष्म्यावर वाफ.

“आणि नाव माझं आहे!”

तो अंबरीष. तिच्याच भागातल्या, कोतोतल्या एका आयटी कंपनीतला. जवळच्या उरायासू शहरात रविवारी होणाऱ्या ट्रायथलॉनवर इथल्या मराठी मंडळींनी ऑर्कुटवर खेळ मांडला होता. फोटोंच्या यादीतून खेळाडू निवडायचे, अंदाज बरोबर आला की गुण.

“ओळख ना पाळख, आणि मी सोडणार हे तुम्ही ठरवलंत?”

“स्टेशनचा जिना तुम्ही कठडा धरून उतरता... उजवा गुडघा दुखतो ना?”

तिचे कान तापले. गुडघ्याचं तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

“स्वतःच्या गुडघ्यांवर पैजा लावा!” कागद त्याच्या हातात कोंबून ती तरातरा निघून गेली.

रविवारी ती रागातच पोहली, रागातच सायकल मारली. धावताना मात्र सातव्या किलोमीटरला गुडघ्यानं दगा दिला. अजून तीन बाकी... आणि दोरीपलीकडे नेमका तोच!

“झालं समाधान?” ती कडाडली.

“नाही. थांबा ना, प्लीज.”

“म्हणजे तुम्हाला गुण!”

“तो कागद मी फाडला. तुम्ही चिडलात ना, तेव्हाच कळलं – सोडणाऱ्यांतल्या नाही तुम्ही.”

तिचा तोल गेला. त्यानं हात पुढे केला.

“हात लावू नका! मदत घेतली की बाद करतात.”

त्यानं दोन्ही हात खिशात घातले. ती लंगडत निघाली. तो दोरीच्या पलीकडून, तिच्याच चालीनं.

“रोज बघत होतात जिन्यात?”

“एप्रिलपासून.”

“एप्रिलपासून! मग तोंड का नाही उघडलंत?”

“उघडणार होतो... रोज. तुमची गाडी यायची.”

ती आणखीच भडकली. तीन किलोमीटर भांडण चाललं. बाजूचे जपानी स्वयंसेवक ‘गाम्बात्ते’, हिंमत सोडू नका, म्हणत दोघांसाठीही टाळ्या वाजवत होते.

ती सगळ्यांत शेवटी पोहोचली. पण पोहोचली.

रेषा ओलांडल्यावर तिनं आपणहून त्याचा खांदा घट्ट पकडला. राग तसाच होता, डोळे भरलेले.

“आणि ते ‘तुम्ही’ बंद कर आता,” ती म्हणाली. “तू म्हण. मला अजून पुष्कळ भांडायचंय.”