मिक आजोबांचं ‘ग्रँड’

भुर्रर्र... फट्! स्नोमोबील सुरू झालं, मिनिटभर धडधडलं आणि पुन्हा ठप्प!

“कार्ब्युरेटरच!” बाबा तिसऱ्यांदा म्हणाले.

आयर्लंडमधल्या नास गावाच्या पुढे डोंगराखालच्या त्या शेडमध्ये बारा वर्षांची इरावती, धाकटा भाऊ ओजस आणि शेजारच्या मिक आजोबांची नात ईफा कुडकुडत उभी होती. लॉकडाउननं नाताळची सुट्टी लांबवली होती, पण आज मजा कुणाला सुचतेय! सकाळी मेंढ्या बघायला गेलेले मिक आजोबा पाय मुरगळून वरच्या झोपडीत अडकले होते. बचावपथक निघालं होतं, पण रस्ता बर्फानं बंद. उरलं होतं ते आजोबांचं बर्फावर चालणारं हे चाळीस वर्षांचं धूड.

“घाबरू नका गं,” बाबा म्हणाले. “फोनवर स्वतःच म्हणाले, आय अ‍ॅम ग्रँड! म्हणजे एकदम झकास!”

ईफाचा चेहरा पांढराफटक पडला. “नो! बरे असले की ते ‘नॉट टू बॅड’ म्हणतात. ग्रँड म्हणजे... हालत फार वाईट!”

त्या फोननंतर आजोबांचा नंबर लागतच नव्हता. बाबा मूळचे पुण्याचे. इथे चार वर्षं काढूनही शब्दांचे अर्थ शब्दकोशातलेच!

“बाबा, पेट्रोलचा पाइप बघितलात?”

“कोरडा ठणठणीत! थेंबभर गळत नाही. मीच परवा पक्कडीनं क्लिप करकचून आवळलीय.”

“करकचून?” इरावती वाकली. “इंजिन सुरू करायची दोरी ओढा बरं! ओजस, पेट्रोलच्या पारदर्शक फिल्टरवर टॉर्च धर!”

“ताई, लुक! बबल्स!”

“हवा! फाटक्या स्ट्रॉनं ज्यूस ओढला तर तो सांडतो का? नुसती हवाच येते! इंजिनाचा पंपही पेट्रोलऐवजी हवाच ओढतोय!”

तिनं पाइप हलकेच वाकवला. क्लिपखाली वाळक्या रबराला बारीक तडा गेला होता. अति तिथे माती! बाबांनी तेवढं टोक कापलं, पाइप पुन्हा बसवला आणि क्लिप या वेळी बेतानं आवळली.

भुर्रर्र! मिनिट गेलं. आणखी एक गेलं. इंजिन धडधडतच राहिलं! ब्लँकेट घेऊन बाबा डोंगराकडे सुटले.

मुलं दारात थिजल्यासारखी उभी राहिली. ईफानं इरावतीचा हात असा दाबला होता की बोटं दुखायला लागली, पण सोडवून घ्यायचा धीर होईना.

अखेर बाबा आजोबांना घेऊन परतले, तेव्हा आजोबांचे ओठ निळे पडले होते आणि शब्द अडखळत होते. बचावपथकही तेवढ्यात बर्फ हटवत पोचलं. त्यांची डॉक्टर म्हणाली, “आणखी थोडा उशीर झाला असता, तर अवघड होतं. मशीन कुणी सुरू केलं?”

बाबांनी इरावतीच्या खांद्यावर हात ठेवला. “हिनं. मी क्लिप जास्त आवळली आणि माणसाचं बोलणं वरवर ऐकलं. पोरांनी दोन्ही चुका पकडल्या.”

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला. “आजोबा, कसे आहात?” ईफानं श्वास रोखून विचारलं.

पलीकडून खरखरीत आवाज आला, “नॉट टू बॅड.”

आणि ईफा खुशाल भोकाड पसरून रडली!