आयरिस पेंगिलीच्या घरातला दुसरा रिमोट

भिंतीवरचं बटण चार पावलांवर असताना ज्याला ते रिमोटनं दाबावंसं वाटतं, त्या माणसाबद्दल मला काडीचा आदर नाही. तरी माझं पोट अशाच माणसांवर चालतं. पोर्ट ऑगस्टात मी बावीस वर्षं वायरमन आहे, आणि गेली सहा वर्षं घरोघरी बिनतारी डब्या बसवतो. दिव्यांच्या, पंख्यांच्या, सगळ्यात जास्त खिडक्यांवरच्या शटरच्या. जानेवारीत, आमच्या ऐन उन्हाळ्यात, उत्तरेचा तापलेला वारा सुटला की आमच्याकडे शटर पाडल्याशिवाय घरात बसवत नाही. लोक इंटरनेटवरून भंगार डब्या मागवतात, तारा जोडायचा परवाना नाही म्हणून मला बोलावतात, आणि डबी चालली नाही की खापर माझ्यावर फोडतात.

म्हणून मी प्रत्येक डबी आधी माझ्या गॅरेजमध्ये तपासतो. नियम एकच. आधी पुसायचं, मग शिकवायचं. डबीचं लाल बटण दहा सेकंद दाबून धरलं की तिच्या आठवणीतले सगळे रिमोट जातात. मग नवा रिमोट तिच्यासमोर एकदा दाबला की तेवढा तिच्या ओळखीचा होतो. किती रिमोट शिकली, तो आकडा डबीच्या काचेवर येतो. पुसल्यावर शून्य, शिकवल्यावर एक. इतकं साधं काम, तरी या गावातले तीन वायरमन पुसायला विसरतात आणि शेजाऱ्याच्या रिमोटनं गिऱ्हाइकाचं गॅरेज उघडतं. गाढवं आहेत तिघंही.

आयरिस पेंगिली ऐंशीच्या पुढची. एकटी राहायची. तिच्या हातात जोर उरला नाही म्हणून पर्थ शहरात राहणाऱ्या तिच्या मुलानं मला फोनवरून काम सांगितलं. मी चारही शटरना मोटारी बसवल्या, ओढायचे पट्टे काढून टाकले, पुढच्या दाराचं कुलूपही रिमोटवर घेतलं. मुख्य डबी दाराच्या आत, बोळात लावली. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला.

"क्लाइव्ह, शटर आपोआप पडतात रे."

"आपोआप काही पडत नसतं, मिसेस पेंगिली. रिमोटवर बसला असाल तुम्ही."

"रिमोट फ्रिजवर होता."

गेलो. डबीच्या काचेवर आकडा होता दोन. मला हसूच आलं. म्हातारीनं कुठलातरी जुना रिमोट दाबला असणार. मी पुसलं. शून्य. तिचा रिमोट शिकवला. एक. तिनं चहा दिला आणि नारळात घोळवलेला लॅमिंग्टन केक. मी पहिला घास घेऊन मान वर केली, तर काचेवर दोन.

माल खोटा, म्हटलं. गाडीतून दुसरी डबी आणली, गॅरेजमध्ये तपासलेली. तिच्यावरही दोन. तिसरी, वेगळ्या कंपनीची. दोन. मग मी सिग्नल मोजायचं यंत्र घेऊन भर उन्हात गल्ली पालथी घातली. एका बाजूला रिकामा प्लॉट, दुसऱ्या बाजूला चाकं नसलेलं एक कॅरॅव्हॅन. काटा हलला नाही. घरात शिरलो आणि काटा चढायला लागला. बोळात, डबीपासून हातभर अंतरावर, तो टोकाला जाऊन टेकला. तिथं भिंतीत एक खुंटी होती आणि तिच्यावर आयरिसची गवती हॅट. हॅट मी झटकून पाहिली. आत काही नव्हतं.

"सापडलं?" स्वयंपाकघरातल्या खुर्चीतून तिनं विचारलं.

"बाहेरचा सिग्नल आहे कुठलातरी."

"बाहेरचा नाही तो."

"कधी पडतात शटर?"

"मी हॅट घालून निघाले की." ती चहा ढवळत राहिली. "आधी नुसते पट्टे हलायचे. इतकी वर्षं. मला अडवायला त्याचा जोरच पुरायचा नाही. आता तू मोटारी दिल्यास."

उष्म्यानं माणसाचं डोकं फिरतं, वयानं आणखी फिरतं. मी पेचकस पिशवीत टाकले.

"ऐक रे. गुरुवारी तपासणीची बाई येणार आहे," ती म्हणाली. "वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. मला घर झेपत नाही असं तिनं लिहिलं तरच ती मिळेल, नाहीतर दुसऱ्याला जाईल. तू तिला सांग ना, हे यंत्र चालत नाही म्हणून."

मला संताप आला. त्या तीन गाढवांच्या गावात माझं काम चालत नाही, असं मी माझ्याच तोंडानं सांगायचं?

"एकदाच सांग, क्लाइव्ह. मला इथून जायचंय."

"यंत्र चालतं, मिसेस पेंगिली. भीतीवर माझ्याकडे इलाज नाही."

वाक्य चांगलं जमलं असं मला तेव्हा वाटलं. आता त्याची लाज वाटते.

गुरुवारी दुपारी दोनला तपासणीची बाई, नोलीन, आली, पायात सपाता, काखेत फाइल. यंत्राची ग्वाही द्यायला मीही हजर होतो. आयरिस खुर्चीत बसली होती. पायाशी भरलेली बॅग, मांडीवर हॅट.

"हं, दाखवा बरं आयरिस. समोरचं शटर वर करा."

आयरिसनं रिमोट उचलला आणि बटणावर अंगठा टेकवला. शटर वर गेलं.

"आता खाली."

खाली आलं. मग झोपायच्या खोलीतलं. मग दाराचं कुलूप. कुठे अडलं नाही, घुटमळलं नाही.

"अगंबाई! माझ्या घरातला टीव्हीसुद्धा इतकं ऐकत नाही," नोलीन म्हणाली. माझी छाती फुगली. आयरिस शटरकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"घरात दुसरा रिमोट नाही ना? तसं लिहून द्यावं लागतं," नोलीननं मला विचारलं.

बोळातली डबी तिथून पाच पावलांवर होती. मी उठून बघितलं नाही. 'एकच' असं लिहिलं आणि सही केली.

"छान झालं. आपल्या घरासारखं सुख नाही हो," नोलीन म्हणाली. "खोली मी यादीतल्या पुढच्यांना कळवते." आणि ती गेली.

मी पिशवी उचलून दाराबाहेर पायरीवर आलो. आयरिस भिंत धरत मागून उंबरठ्यापर्यंत आली आणि माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. गोल, चपटं, नाण्याएवढं.

रिमोटमधला सेल होता.

"सकाळीच काढून ठेवला होता," ती म्हणाली. "माझ्या बोटांनी अर्धा तास लागला बघ."

मी सेलकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"चला," मी म्हणालो. "बॅग राहू दे. माझ्या गाडीत बसा, आत्ता."

तिचा चेहरा उजळला. तिनं हॅट डोक्यावर चढवली.

दार आमच्या मधोमध बंद झालं. कुलूप बसल्याचा आवाज आला.

मग शटरं पडायला लागली. समोरचं. झोपायच्या खोलीतलं. मागची दोन. घाई नव्हती. एक पूर्ण खाली आलं की दुसरं.

मी दार बडवलं, खांदा मारला. कुलूप मीच निवडलं होतं, सगळ्यात भक्कम. आतून ओढायचा एकही पट्टा मी ठेवला नव्हता. गावातलं चौथं गाढव मी.

दाराला काचेची एक उभी पट्टी आहे. तिला डोळा लावला. बोळात आयरिस माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिनं सावकाश हॅट काढली आणि खुंटीला अडकवली.

तिच्या पलीकडे डबी होती. डबीचं लाल बटण आत दाबलेलं होतं. जवळ कुणी नव्हतं.

मी मोजत गेलो. दहा झाले, तेव्हा बटण वर आलं.

डबीच्या काचेवर शून्य आलं. आधी पुसायचं, ही पद्धत माझीच.

मग एक.