अकरा नंबरची खाट

ती खुर्ची घे, प्रेरणा. हो, तीच. हिची होती, पण रिकामी ठेवून तरी काय करायचं. सत्यम, तू कठड्याला टेकू नकोस, तिथला गिलावा सुटलाय. खाली औरंगपुऱ्यातली दुकानं बंद झाली की या गच्चीवर जरा वारा येतो.

तर प्रेरणा, उद्या तुला परीक्षेसाठी केसेस गोळा करायला पाठवतायत. यादी बघू. सात जण. अर्धांग दोन, पोटात वाढलेली पानथरी एक, झडप एक... झडपेच्या बाईचं नाव नाही लिहिलंस. नुसतंच 'झडप, खाट अकरा'. तुझी चूक नाही, आम्हीही असंच लिहायचो.

थांब. उद्या जायच्या आधी एक गोष्ट ऐक. माझी नाही, अतुलची. मी पॅथॉलॉजी शिकवायचो आणि तो मेडिसिनमध्ये लेक्चरर होता. आमच्या खोल्या शेजारी शेजारी. कॉलेज कुठलं ते विचारू नका.

सत्यम, तू बँकेतला माणूस, तुला आधी सांगतो. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक मुलाला एक खरा रुग्ण देतात. पाऊण तास तो आणि रुग्ण, भोवती पडदा. विचारायचं, तपासायचं, कागदावर लिहायचं. मग परीक्षकांपुढे उभं राहून सांगायचं. त्यासाठी चांगले रुग्ण आधीपासून हेरून ठेवतात. चांगले म्हणजे ज्यांचा आजार कानाला स्पष्ट ऐकू येतो, हाताला लागतो. त्यांना निरोप पाठवायचा, आदल्या दिवशी वॉर्डात आणून ठेवायचं, जेवण आणि गाडीभाडं द्यायचं.

खुलताबादच्या चतुराबाई अशा बारा वर्षं येत होत्या. एकट्या बाई, रस्त्याकडेला पेरू विकायच्या. लहानपणच्या तापानं हृदयाची एक झडप आकसलेली. त्यातून रक्त जाताना जो घरघर आवाज, म्हणजे मर्मर, यायचा तो इतका सुरेख, की बाहेरून आलेले परीक्षकसुद्धा मुद्दाम ऐकून जायचे. तो आवाज रुग्ण डाव्या कुशीवर वळला की नीट येतो. घाबरलेली मुलं वळवायला विसरतात. मग चतुराबाई आपल्या आपणच वळायच्या. तोंडानं काही सांगायच्या नाहीत, नियम त्यांना ठाऊक होता.

"मावशी, पास करा बरं का," मुलं म्हणायची.

"मी कोन पास करनार? तू आधी ती नळी कानात नीट घाल. उलटी घातलीस."

अतुल स्वतः विद्यार्थी असताना त्याला चतुराबाईंचीच, अकरा नंबरची खाट आली होती. पुढं तो शिकवायला लागला तेव्हा मुलांना एक सवय त्यानं सक्तीनं लावली. कागदावरची पहिली ओळ, म्हणजे रुग्णाची तक्रार, ही रुग्णाच्याच शब्दांत लिहायची. बाकी सगळं इंग्रजीत लिहा, पण ही ओळ मराठीत, तो बोलला तशी. आणि कधीपासून, तेही त्यानं सांगितलं तसंच. चतुराबाईंची ओळ बारा वर्षं एकच होती. 'चाललं की दम लागतो, लई वर्सं झाली.'

या दुखण्याला इलाज आहे. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी घालून झडपेत फुगा फुगवतात, झडप मोकळी होते. मोठ्या हॉस्पिटलात करतात. चतुराबाईंना ते माहीत होतं. दरवर्षी जाताना त्या अतुलला विचारायच्या, "डॉक्टर, माझा फुगा कवा टाकायचा?"

शेवटी अतुलनं खटपट केली. तेवीस सालच्या एप्रिलमध्ये त्यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं पत्र तयार झालं, सही-शिक्क्यानिशी. ते घेऊन तो विभागप्रमुखांकडे गेला. ते म्हणाले, "देऊ की. एवढी पुढची परीक्षा होऊ दे. झडप मोकळी झाली की आवाज गेला. अशी केस परत मिळत नाही, अतुल." वाईट माणूस नव्हता तो. अतुलही नव्हता. त्यानं पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आणि चतुराबाईंना सांगितलं, "परीक्षा झाली की पाठवतो."

"बरं," त्या म्हणाल्या.

चोवीस सालची बारा फेब्रुवारी, सोमवार. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला परीक्षा. सगळे रुग्ण आले, चतुराबाई आल्या नाहीत. त्यांच्या भाच्याचा, सखारामचा, फोन बंद. संध्याकाळी सव्वासातला अतुल स्वतःच गाडी काढून निघाला. मला म्हणाला, "दोन तासांत येतो. येताना पेरू आणू का?"

दौलताबादचा दरवाजा, मग घाट. घर गावाच्या तटाबाहेर, शेताच्या कडेला. तो पोचला तेव्हा आठ वाजून गेले होते. दाराला नुसती कडी. हाका मारल्या, कुणी नाही. शेजारपाजार म्हणावं असं तिथं काही नाही. अंगणात पाणी सांडलेलं होतं, पुष्कळ. खिडकीच्या फटीतून त्यानं आत पाहिलं. दिवा लावलेला होता. देवापाशी नाही, खाली, कोपऱ्यात, जमिनीवर. वर टोपली उपडी घातलेली आणि तिच्या विणीतून उजेड येत होता.

सत्यम, तुला कळलं. तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. अतुल शहरात वाढलेला, आईवडील दोघं नोकरीवाले. त्यानं कधी ते पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, वाऱ्यानं विझू नये म्हणून झाकला असेल. बाई बसनं निघाल्या असतील, आपली चुकामूक झाली.

तो परत आला. कपडे न बदलता वॉर्डात गेला. पावणेअकरा झाले होते. मधले दिवे मालवलेले. सिस्टर औषधांच्या खोलीत. खिडकीजवळची शेवटची खाट, अकरा नंबर.

चतुराबाई खाटेवर बसल्या होत्या. पाय खाली सोडून.

"मावशी! मी तुमच्या घरी जाऊन आलो."

"व्हय. दिसले तुमी."

अतुल इतका दमला होता की हे कानावरून गेलं. त्याला बरं वाटलं, एवढंच. उद्याची काळजी मिटली. तो शेजारी स्टुलावर बसला.

"जेवलात?"

"नाय. भूक नाय."

"बघू, एकदा ऐकून घेतो. उद्या परीक्षक ऐकतील."

त्या आडव्या झाल्या. डाव्या कुशीवर वळल्या. त्यानं स्टेथोस्कोपच्या नळ्या कानात घातल्या. छातीला लावलं.

काही नाही.

हे यंत्र दोन तोंडांचं असतं. तोंड फिरलेलं असलं तर ऐकू येत नाही. प्रेरणा, तुझंही झालं असेल कधी. त्यानं तोंड फिरवलं. परत लावलं.

काही नाही... पंखा तेवढा वाजत होता.

त्यानं नाडी बघायला मनगट धरलं. गार.

"हात गार पडलाय, मावशी."

"वारं लई व्हतं वाटंत."

"आज आवाजच येत नाहीये."

त्या उठून बसल्या. मग म्हणाल्या, "गेला आसंल."

अतुलनं नळ्या कानातून काढल्या.

"फुगा न टाकताच गेला बघा."

त्याला पत्र आठवलं. तो म्हणाला, "परवाच पाठवतो तुम्हाला. नक्की."

"बरं," त्या म्हणाल्या. त्याच आवाजात, जसं नेहमी म्हणायच्या.

यंत्र बिघडलं असेल, आपले कान बसले असतील, असं म्हणत तो घरी गेला. झोप लागली नाही. का, ते त्याला तेव्हा सांगता येईना.

सकाळी चिठ्ठ्या उचलल्या. अकरा नंबर बुद्धभूषणला आला. हा मुलगा तिसऱ्यांदा परीक्षेला बसला होता. हुशार, पण घाबरट. परीक्षकांनी आवाज चढवला की स्वतः बरोबर लिहिलेलंही खोडून टाकायचा. आई भावसिंगपुऱ्यात बालवाडीत मदतनीस. या वेळी राहिला तर शिक्षण सोडायचं, असं तो मित्रांना सांगून आला होता. आणि अकरा नंबर आला म्हटल्यावर त्याच मित्रांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तिथं काय आहे ते सगळ्या बॅचला पाठ होतं. न तपासता लिहिलं असतं तरी पास.

नऊ वाजून दहा मिनिटांनी तो पडद्याआड गेला. दहाला पाच मिनिटं कमी असताना बाहेर आला. दारावरच्या सरांनी त्याच्या कागदावर वेळ टाकून सही केली. तसा नियमच असतो.

टेबलाशी दोघं होते, बाहेरून आलेले परीक्षक आणि अतुल. मी तिथं एका सहीसाठी गेलो होतो, म्हणून पुढचं मी पाहिलं.

"हृदयाचा आवाज?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, मर्मर ऐकू आला नाही."

"काय?"

"वळवून ऐकलं, सर. त्या स्वतःच वळल्या. नाही आला."

"नाडी किती?"

बुद्धभूषणनं मान खाली घातली. "सापडली नाही, सर. घाबरलो की माझी बोटं सुन्न होतात. माझंच चुकलं असेल. म्हणून ती जागा कोरी सोडलीय."

परीक्षक हसले. "मर्मर नाही, नाडी नाही. बाई जिवंत होती ना रे?"

कुणी हसलं नाही. मी अतुलकडे पाहिलं. त्याचा चेहरा...

"चला, खाटेशी जाऊ," परीक्षक उठले.

पडदा बाजूला केला. खाट रिकामी. चादर परीटघडीची, एक सुरकुती नाही. सिस्टर म्हणाल्या, "इथं कोण येणार? ही खाट कालपासून रिकामीच आहे. मला वाटलं मुलगा मांडून ठेवलेल्या एक्स-रेवर लिहितोय."

"मी बोललो त्यांच्याशी," बुद्धभूषण म्हणाला. एकदाच.

तेव्हा अतुलचा फोन वाजला. सखाराम होता. आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. "साहेब, मावशी गेली. काल दुपारी चार वाजता. पेरूची पाटी उचलली आन् बसली खाली. दिवस मावळायच्या आत उरकलं सगळं, तिच्या नावाचा दिवा टोपलीखाली ठिवला. फोन बंद व्हता माझा. आज परीक्षा हाय नव्हं तुमची? ती सारखी म्हनत व्हती, पोरं वाट बघतेल."

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. शहरात तोवर कुणालाही ही बातमी नव्हती.

परीक्षकांनी पेन उचललं. म्हणाले, "म्हणजे या मुलानं न तपासता लिहिलंय." त्यांचा तरी काय दोष. रिकाम्या खाटेवरचा कागद हातात घेऊन कुणीही तेच म्हणालं असतं. एक रेघ मारली की बुद्धभूषण घरी जाणार होता. त्यालाही ते कळलं होतं. तो कागद परत घ्यायला हात पुढं करून उभा होता, जसा काही गुन्हा कबूल.

अतुलनं बोलायचं तर रात्रीचं सांगावं लागणार, आणि रात्रीचं सांगायचं तर खणातलं पत्रही.

मग तो बोलला.

"सर, न तपासता लिहिणारा मुलगा मर्मर आहे असं लिहील. सगळ्या बॅचला ते पाठ आहे. यानं नाही लिहिलं. काल रात्री मीही ऐकलं. आवाज नव्हता. नाडीही नव्हती. मी डॉक्टर आहे आणि मी यंत्राला दोष दिला." आणि मग पत्राचं सांगितलं. तिथंच, सिस्टर, मुलं, सगळ्यांसमोर. हळू आवाजात. एप्रिलपासून खणात आहे म्हणाला.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ ते त्या चादरीकडे बघत होते. नंतर बुद्धभूषणला म्हणाले, "दुसरी चिठ्ठी उचल, बाळ. पाऊण तास पूर्ण देतो."

तो पास झाला. अतुलनं मार्चमध्ये नोकरी सोडली. आता अजिंठ्याकडे एका लहान दवाखान्यात असतो. त्याच्या टेबलाला खण नाही, सुताराला सांगून तसंच करून घेतलंय. मी एकदा गेलो होतो, तेव्हा त्यानं मला हे पाकीट दिलं. म्हणाला, घरात ठेवून झोप येत नाही. यात बुद्धभूषणचा तो पहिला कागद आहे. दुसरी केस दिल्यामुळं हा कागद बाद झाला होता.

मी घेतला तो वेगळ्या कारणानं. हिला शेवटचे आठ महिने दम लागायचा. रात्री उशा रचून बसून राहायची. मी शेजारी बसून तिचे श्वास मोजायचो. मोजण्यापलीकडं मला काही येत नव्हतं. त्या दिवसांत मी हा कागद पुष्कळदा वाचला. आणि नंतरही.

घे. चष्मा माझा खाली राहिलाय, तूच वाच. वर कोपऱ्यात वेळ बघ, नऊ पंचावन्न, सरांची सही. बाकीचं इंग्रजी सोड. पहिली ओळ वाच, मराठीतली. तक्रार, रुग्णाच्या शब्दांत.

सत्यम, मोबाइलचा उजेड धर तिला.

वाच, प्रेरणा...

'आता दम लागत नाय. काल दुपारी चारपासून. लई हलकं वाटतंय.'