दुसरा कीबोर्ड

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर धुळ्याला यावं, देवपुरात योगेंद्र पाटलाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान विचारावं आणि आत जावं.

फक्त हात मिळवायला हात पुढे करू नये. तो मिळवणार नाही.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. वेळ भर दुपारची. जागा अमळनेर रस्त्यावरची कापसाची एक जिनिंग. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. जे काही तिथं होतं, त्याला पंचांग बघायची सवय नसावी.

सकाळी योगेंद्र निघाला तेव्हा बायकोने, दिपमालाने, आतून हाक मारली होती, "अहो, जरा हात द्या."

शिलाई मशीन पूजेसाठी टेबलावर ठेवायचं होतं. दोघांनी उचललं. लग्नाला वीस वर्षं झाली, पण दिपमालाचं अहो-जाहो सुटलं नाही. "तुम्हाला काडीची अक्कल नाही," हेसुद्धा ती आदरानेच म्हणते.

जिनिंगमध्ये काम साधं होतं. कापसाच्या गाठी दाबणारं प्रेस एका कॉम्प्युटरवर चालायचं. प्रेस थांबवायचं लाल बटण मोडलं, तेव्हा मालक नेमीचंद शेठनी नवं बटण घेतलं नाही. कीबोर्डचा स्पेसबार दाबला की प्रेस थांबेल, अशी सोय करून घेतली. कॉम्प्युटरवर सिस्टीमही फुकटातली होती. फुकटच्या सिस्टीमला वीज वाचवायची सवय. कीबोर्डला बराच वेळ कोणी हात लावला नाही की ती त्याला झोपवायची. मग पहिल्यांदा कळ दाबली की तो नुसता जागा व्हायचा. काम दुसऱ्या दाबाला.

"कीबोर्ड झोपता कामा नये," शेठचा मुलगा जिनेश म्हणाला. "मागच्या सीझनला किरकोळ अपघात झाला होता."

"सिस्टीमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, ड्रायव्हरची सेटिंग बदलावी लागेल," योगेंद्र म्हणाला.

"ड्रायव्हर आपल्याकडे दोन आहेत," शेठ म्हणाले. "कर्नल तेवढा नाही."

योगेंद्र हसला नाही. हा विनोद त्याने अख्ख्या जिल्ह्यात ऐकला होता.

वरच्या केबिनमध्ये कीबोर्डचीही पूजा झालेली. स्पेसबारवर हळद-कुंकू. कौतिक नावाचा जुना मजूर दारात बसून होता. बाकी सगळ्यांना सुट्टी.

"आज मशीनले हात लावतस नही, भाऊ," कौतिक म्हणाला.

"मशीनला कुठं लावतोय? कीबोर्डला लावतोय."

त्याने आपला लॅपटॉप केबलने जोडला आणि तिथून कॉम्प्युटरच्या पोटात शिरला. जोडलेल्या वस्तूंची नोंद उघडली.

माऊस एक.

कीबोर्ड... दोन.

त्याने टेबलाखाली पाहिलं. मागे पाहिलं. वायर एकच होती. कीबोर्ड एकच होता.

त्याने ती वायर उपसली.

नोंद बदलली. कीबोर्ड एक.

जो काढला, तो गेला होता. जो नव्हता... तो राहिला होता.

असं होतं कधी कधी, त्याने स्वतःला सांगितलं. जुनी नोंद अडकून राहते. त्याने वायर परत जोडली आणि कर्नलमधून कीबोर्डचा ड्रायव्हरच काढून टाकला. आता जगात कीबोर्ड नावाची वस्तू असते, हेच त्या कॉम्प्युटरला ठाऊक नव्हतं.

टक्.

समोरच्या स्क्रीनवर, गाठीचा नंबर लिहायच्या चौकटीत, एक अक्षर उमटलं.

टक्. टक्.

जी. के. आर.

मग जरा जागा सुटली...

एन. एस.

कीबोर्डवरची एकही कळ हलली नव्हती. स्पेसबारवरचं कुंकू जसंच्या तसं होतं.

पुन्हा. जी के आर, एन एस. पुन्हा. पुन्हा. ओळ भरली, दुसरी सुरू झाली. आवाज मात्र प्लास्टिकच्या कळांचा नव्हता. लोखंडी होता. जुन्या टाइपरायटरसारखा.

योगेंद्रने फोटो काढून दिपमालाला पाठवला. ती एका शाळेत क्लार्क. असल्या भानगडी तिला त्याच्यापेक्षा जास्त कळतात, असं ती म्हणते.

लगेच फोन आला. "अहो, आमच्या जुन्या फायली उघडल्या की अस्संच दिसतं. टाइपरायटरचं मराठी आहे हे. जी म्हणजे ह. के म्हणजे काना. आर म्हणजे त."

"मग?"

"हात. पुढे एन म्हणजे द, एस म्हणजे मात्रा. हात दे. कोण मागतंय हो हात?"

योगेंद्रने तेच दोन शब्द मोठ्याने म्हटले.

दारातल्या कौतिकची बीडी खाली पडली.

"चिंधानाना," तो म्हणाला. "टायपिंग पास व्हता नाना. नोकरी लागनी नही, मंग आठे प्रेसवर बसना."

"अपघात त्यांचाच का?"

कौतिकने पडलेली बीडी पायाने विझवली.

"गाठ उचलतांना बठ्ठा एकच बोल बोलतस, भाऊ. हात दे. दिनभर तेच. त्या दिवशी नानाना हात प्रेसमां अटकना. तो आरोळ्या मारे... हात दे, हात दे. आम्हले वाटनं, गाठ उचलाले बलावस. मी बोलनू, बीडी व्हवू दे, येस."

"मग?"

"मंग आरोळी बदलनी. मी पळत वनू, हाई कळ दाबी. एक डाव."

एकदा. पहिल्या दाबाला कीबोर्ड नुसता जागा झाला. दुसरा दाब कौतिकला कोणी शिकवलाच नव्हता. प्रेसचा दट्ट्या पुरता खाली गेला, हात, खांदा आणि खांद्याला लागून जे असतं ते घेऊन.

किरकोळ.

"योगेंद्रभाऊ!" खालून जिनेशची हाक आली. "होतंय का? ट्रायल घ्यायची आहे!"

योगेंद्रने काचेतून पाहिलं. जिनेश प्रेसजवळ उभा होता. पूजेचा झेंडूचा हार आत घसरला होता. तो काढायला त्याने कोपरापर्यंत हात आत घातला होता.

"हात काढा!" योगेंद्र ओरडला. "जिनेशभाऊ, हात..."

टक्.

या वेळी एकच कळ. प्रेस सुरू करायची.

दट्ट्या खाली आला. घाईने नाही. सावकाश, रोजच्यासारखा. आधी एक बारीक आवाज आला, कापसाची वाळलेली पळकाठी मोडावी तसा. मग तसेच पुष्कळ.

जिनेशच्या किंचाळीत शब्द होते. "हात द्या! योगेंद्रभाऊ, हात द्या!"

योगेंद्रने स्पेसबारवर मूठ आपटली. एकदा, दोनदा, दहादा. कुंकू सगळीकडे उडालं. प्रेस थांबलं नाही.

थांबणार कसं? ड्रायव्हर त्यानेच काढला होता.

तो लॅपटॉपकडे वळला. टाइप केलेला हुकूम चुकत होता. खाली जिनेशचे पाय जमिनीवरून सुटले होते आणि हवेत सायकल मारत होते. ड्रायव्हर परत चढला. त्याने स्पेसबार दाबला.

काही नाही. तो जागा होत होता.

दुसऱ्या दाबाला प्रेस थांबलं. त्याच क्षणी दिवेही गेले. कौतिक मेन स्विचपर्यंत पोचला होता.

लोखंडी कटकट थांबली होती. जिनेशही ओरडायचा थांबला होता. दट्ट्या वर घेतला तेव्हा पांढऱ्या कापसात लाल रंग कडेपर्यंत पोचला होता, आणि त्यात झेंडू होता. हार शेवटी निघाला. हात निघाला नाही. जे निघालं, ते दवाखान्यात नेण्यासारखं नव्हतं.

जिनेश वाचला. पंचनाम्यात यांत्रिक बिघाड असं लिहिलं. प्रेस सुरू करणारी कळ कीबोर्ड क्रमांक दोनवरून आली होती, हे योगेंद्रने पंचांना नोंद उघडून दाखवलं. पंचांनी विचारलं, मग तो दुसरा कीबोर्ड जप्त का केला नाही?

शेठनी नंतर लाल बटण बसवलं. चांगल्या कंपनीचं.

योगेंद्र पुन्हा त्या रस्त्याने गेला नाही. त्या दुसऱ्या कीबोर्डने गरज तरी कुठं ठेवली आहे? दुकानात कोणाचाही कॉम्प्युटर आला, तो नोंद उघडतो.

माऊस एक. कीबोर्ड दोन.

गिऱ्हाइकाला तो काही सांगत नाही. बिल करतो, देतो.

घरी दिपमालाने एक शब्द सोडून दिला. काही उचलायचं असलं की ती म्हणते, "जरा इकडे या." त्याने तशी विनंती केली होती. कारण तिने विचारलं नाही. तो फोटो अजून तिच्या मोबाइलमध्ये आहे.

परवा दुपारी योगेंद्र जेवून ओट्यावर बसला होता. आत शिलाई मशीनची टकटक चालू होती.

ती थांबली.

आतून हाक आली. आवाज दिपमालाचाच होता. म्हणजे, तिच्यासारखाच...

"हात दे."

योगेंद्र उठायला निघाला होता. अर्धा उठला आणि तसाच राहिला.

वीस वर्षांत दिपमालाने त्याला एकदाही अरे-तुरे केलेलं नाही.