धस्स न झालेली सकाळ

मार्दवी नावाची गोळी सुरू झाल्यापासून प्रभावती चौगुले बाहुबलीच्या डोंगराच्या पायऱ्या कुठंही न टेकता चढत होत्या. वर्षभरापूर्वी न्हाणीघरापर्यंत जातानाही त्यांना धाप लागायची आणि पाठीशी उशा रचल्याशिवाय झोप येत नसे. आता त्यांच्या छातीवर टिकलीएवढा एक संवेदक चिकटवलेला असे आणि हृदयाची चाल तो मिरजेच्या संशोधन केंद्रात कळवत राही. डॉ. नसीमा मुजावर तिथं या गोळीची चाचणी घेत होत्या.

“प्रभाताई, तुमचं हृदय रक्त ढकलण्यात कुठंच कमी नाही,” पहिल्याच भेटीत त्यांनी समजावलं होतं. “अडचण ढकलून झाल्यावर येते. हृदयानं पुन्हा सैल व्हायला हवं, म्हणजे त्यात नवं रक्त भरेल. तुमच्या हृदयाच्या भिंती ताठरल्यात. रक्त आत शिरत नाही, मागं फुफ्फुसांत तुंबतं. म्हणून दम लागतो. मार्दवी त्या भिंती मऊ करते.”

आणि ती करत होतीही. चाचणीतली झाडून सगळी माणसं हिंडूफिरू लागली होती. गोळी आता लवकरच सर्वांसाठी खुली होणार होती.

त्या सकाळी प्रभावती ओट्याशी दूध तापवत होत्या. मागं टेबलाशी त्यांचे यजमान सुभाषराव शेंगा सोलत बसले होते.

“प्रभा, हा हात बघ...” ते म्हणाले आणि पुढचे शब्द त्यांच्या तोंडातच घोळले.

प्रभावतींनी वळून पाहिलं. सुभाषरावांच्या तोंडाची एक बाजू ओघळली होती, उजवा हात शेंगांत निपचित पडला होता. पक्षाघाताचा झटका आहे हे त्यांना तत्क्षणी कळलं. त्यांची आई अशीच गेली होती. रुग्णवाहिका बोलवायला हवी, हेही कळलं. त्यांनी गॅस बंद केला. पातेल्यावर जाळी ठेवली. ओटा पुसून घेतला. सुभाषराव डोळे फाडून त्यांच्याकडे पाहत होते, घशातून कसलासा आवाज काढत होते. ते घाबरलेत, असं प्रभावतींच्या मनात आलं. बाहेर ऊन पडलंय असं मनात यावं, तसं. टेबलावरची टरफलं गोळा करून झाल्यावर त्यांनी फोन उचलला.

सुभाषराव वाचले, पण वाचा गेली.

“थोडं आधी आणलं असतंत, तर...” इस्पितळातला डॉक्टर म्हणाला आणि प्रभावतींचा शांत चेहरा पाहून गप्प झाला.

आठवड्यानं त्या आपण होऊन मिरजेला गेल्या. घडलं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं. “मला रडू येत नाही, डॉक्टर. यायला हवं ना?”

डॉ. मुजावरांनी संगणकावर त्या सकाळचा आलेख काढला. हृदयाची चाल तसूभरही बदलली नव्हती.

“आधी भीती वाटते आणि मग छाती धडधडते, असं आपण समजतो,” त्या हळूहळू बोलू लागल्या. “पुष्कळदा उलटं होतं. काहीतरी दिसतं, हृदय उसळी घेतं, आणि ती उसळी मेंदूपर्यंत पोचली की मग आपण घाबरतो. धावतो, ओरडतो. तुमचं हृदय मऊ झालंय ताई, पण उसळी घ्यायचं विसरलंय.”

“म्हणजे मला धस्स होत नाही.”

“नाही होत.”

“बाकीच्यांना होतं?”

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. चाचणीत एक एसटीचा चालक होता. नातवंडं सांभाळणाऱ्या कितीतरी आज्या होत्या. कुणाचीही, काहीही तक्रार नव्हती. उलट जो तो सांगायचा, फार शांत वाटतं.

“तक्रार कोण करणार?” त्या पुटपुटल्या. “काही बिघडलंय याची धास्ती तर वाटायला हवी.”

बाकीच्यांना तातडीनं तपासायला बोलवा म्हणून त्यांनी तिथूनच दोन-तीन फोन लावले. घाईघाईनं, चढ्या आवाजात बोलल्या. मग प्रभावतींपुढं येऊन बसल्या. “गोळी बंद केली तर छातीत पुन्हा पाणी साचेल. फार दिवस मिळतील असं मी म्हणणार नाही.”

“मग करा बंद,” दुसरा चहा नको म्हणावं, तसं प्रभावती म्हणाल्या.

“ताई, हे तुम्ही बोलताय की गोळी? ज्याला मरणाचं भय वाटत नाही, त्याचा होकार मी होकार कसा धरू?”

“आणि बंद केल्यावर मला भय वाटलं, मी पुन्हा गोळी मागितली, तर तो होकार धराल?”

डॉक्टरांनी त्या दिवसापासून गोळी थांबवली.

प्रभावतींना केंद्रातच ठेवून घेतलं. गोळीचा अंमल उतरत गेला तशी धाप परतली, पावलं सुजली, पाठीशी उशा आल्या. एका दुपारी सुभाषरावांना चाकाच्या खुर्चीतून भेटीला आणलं. त्यांनी बायकोकडे पाहून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. घशातून तोच आवाज निघाला.

प्रभावतींच्या काळजात धस्स झालं.

“अहो!” त्या ओरडल्या. “अहो, तुम्ही मला हाका मारत होतात! आणि मी ओटा पुसत होते!”

छाती धाडधाड उडू लागली. हुंदक्यांत श्वास अडकला, ओठ निळे पडले. डॉ. मुजावर धावत आल्या आणि त्यांनी ऑक्सिजनचा मास्क पुढं केला. प्रभावतींनी तो झिडकारला.

“गोळी द्या.”

“ताई, हा दम आपण दुसऱ्या औषधानं...”

“दमाचं राहू द्या! हे थांबवा. मला हे सोसत नाही. गोळी द्या, पाया पडते तुमच्या.”

डॉक्टर क्षणभर घुटमळल्या. हा होकार भीतीचा होता, पण शुद्धीतल्या माणसाचा होता. आणि समोर जीव घुसमटत होता. त्यांनी मार्दवीची गोळी प्रभावतींच्या तळहातावर ठेवली.

सुभाषरावांनी डावा, धड राहिलेला हात पुढं केला आणि बायकोचं, गोळी असलेल्या हाताचं मनगट घट्ट धरलं. तिथली नाडी त्यांच्या बोटांखाली वेडीवाकडी उडत होती. ते मान हलवत होते, नको, नको. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या सकाळपासून पहिल्यांदाच त्यांची बायको त्यांच्यासाठी रडत होती.

प्रभावती दुसऱ्या हातानं त्यांची बोटं एकेक करून सोडवू लागल्या.