अंगावरचं घड्याळ

दादाचं जाकीट धुवायला काढलं, तेव्हा घड्याळाच्या खिशाशी बटणाएवढा डाग दिसला. आमची लाँड्री आहे. दुसऱ्यांचा मळ काढण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा डागाचं मला विशेष काही वाटत नाही. सवयीनं मी कापड नाकाशी नेलं. वास यंत्राच्या तेलाचा नव्हता. बरेच दिवस न धुतलेल्या उशीच्या अभ्र्याला येतो तसा, पण घट्ट आणि गोडसर. अंगाचा वास.

"दादा, तुझ्या घड्याळातून काहीतरी पाझरतंय."

"घाम असेल माझा," तो जेवता जेवता म्हणाला. "एवढ्या देहाला घाम नको?"

देह होताच तसा. दादाचं लाँड्रीशेजारीच चष्म्याचं दुकान. आत शिरलेल्या गिऱ्हाइकाला आधी दादा दिसायचा आणि मग, जागा उरली तर, चष्मे. आई-वडील लवकर गेले, त्यानंच मला वाढवलं. लहानपणी गरम इस्त्री टेबलावरून माझ्या अंगावर पडत होती, ती त्यानं हातावर झेलली. कोपराखाली तिकोनी डाग कायमचा राहिला. जन्मभर डाग काढत आले, पण तो एकच डाग मला कधी काढावासा वाटला नाही.

त्याला नाद एकच, खिशातल्या जुन्या, नक्षीदार घड्याळांचा. काचेचं कपाट भरून ठेवली होती. बायको असती तर तिनं ती कधीच गटारात फेकली असती. मी बहीण, म्हणून नुसती कटकट करून गप्प बसायचे. हे नवं घड्याळ त्यानं जुन्या बाजारातून आणलं होतं. झाकणावर मीनाकाम, द्राक्षांचे घोस. विकणारा नुसता हाडांचा सापळा होता म्हणे, आणि घड्याळ त्यानं चिंधीत धरूनच पुढे केलं. वरची गुंडी फिरत नव्हती. दादानं विचारलं, चावी कशी द्यायची? तो म्हणाला, "चावी लागत नाही. अंगावर ठेवा, चालेल."

दादानं ही थाप म्हणून मला हसत हसत सांगितली. त्याला आनंद वेगळ्याच गोष्टीचा होता. घड्याळ दुरुस्त केलं की कारागीर मागच्या झाकणाच्या आत सुईनं आपली बारीक खूण ओरखडून ठेवतो. जुन्या घड्याळात अशा खुणांची गर्दी असते. भिंग लावून दादा त्या वाचत बसायचा, लोक पेपर वाचतात तसा. या घड्याळाचं झाकण मात्र आतून आरशासारखं स्वच्छ होतं.

"एक ओरखडा नाही! कोरं आहे गं, कुणी उघडलेलंच नाही!"

आत आणखी एक झाकण होतं. ते त्यानं उघडलं नाही, कोरेपणा जाईल म्हणून. इतका जुना शौकीन माणूस, पण एवढं साधं त्याच्या डोक्यात आलं नाही, की ज्याला इतक्या वर्षांत कुठल्या कारागिराचा हात लागला नाही, ते चालतंय कशावर?

मग दादाचं जेवण अंगी लागेना. खाणं दुप्पट झालं आणि माणूस निम्मा. गालांची कातडी ओल्या कपड्यासारखी लोंबायला लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. जाकिटावरचा डाग मात्र दर धुण्याला मोठा होत होता. मी सोडा लावला, स्पिरिट लावलं. दुसऱ्या दिवशी तिथं पुन्हा पिवळट, ओलसर, कोमट चकती. त्या खिशाला हात लावायचा म्हणजे मी आधी श्वास रोखायचे.

"काढून ठेव ना रे ते."

"काढलं की बंद पडतं."

"पडू दे की मेलं!"

"मग मलाही... कसंसंच होतं गं." तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याचा हात खिशावर होता.

दादा माझ्या डोळ्यांदेखत संपत चालला होता. एका दुपारी तो खुर्चीत झोपला असताना मी बोटांना फडकं गुंडाळलं आणि घड्याळ ओढलं. ते सहज आलं नाही. खिशाच्या कापडाला आणि त्याखालच्या कातडीला चिकटलं होतं. चिकट तार लांबत गेली आणि तुटली. दादा झोपेतच कण्हला.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत हंड्यात सोड्याचं पाणी उकळत होतं. वाफेत दिवा पिवळा दिसत होता. घड्याळ गरम होतं, तापलेल्या माणसासारखं. आतलं झाकण मी सुरीच्या टोकानं उचकटलं.

चाकं नव्हती. स्प्रिंग नव्हती. डबी चरबीनं काठोकाठ भरली होती. पिवळी, मऊ चरबी, तिच्यात अडकलेले बारीक करडे केस, दादाच्या छातीवर असतात तसले. आणि ती चरबी हलत होती. टिक... टिक... दर ठोक्याला मधोमध एक खळगा पडायचा आणि भरून यायचा.

मी ओरडलेसुद्धा नाही. तोंड उघडलं तर तो वास आत जाईल, एवढंच मनात आलं. घड्याळ हंड्यात टाकलं. पाण्याखालूनही आवाज येत राहिला, मग अडखळला, मग थांबला. वर चरबीचा थर आला. बोटभर जाड! एवढ्याशा डबीत एवढं मावलं कसं? मी तो झाऱ्यानं काढून मोरीत ओतत राहिले आणि शेजारीच ओकत राहिले. तळाशी उरली फक्त नक्षीची दोन टरफलं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "अगं ए... भूक लागलीय."

मी रडतच धावले. दादा ताठ बसला होता आणि हसत होता.

त्या दिवसापासून दादा भरत गेला. मधे मी आत घेतलेलं जाकीट पुन्हा उसवावं लागलं. डॉक्टर खूश. त्यांनी त्याला शर्ट काढायला सांगून छातीला नळी लावली आणि बेफिकीरपणे म्हणाले, "खिशातलं घड्याळ जरा बाजूला ठेवता का? ऐकू येत नाही नीट."

दादा उघडा बसला होता. डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नळी गुंडाळली. फी घेतली नाही.

आता संध्याकाळ झाली की तो मला जवळ बोलावतो. "जरा हात ठेव ना छातीवर... मंदावतंय." मी ठेवते. ज्यानं मला वाढवलं त्याचीच किळस यावी, याची मला लाज वाटते, म्हणून ठेवते. कातडी कोमट, चिकट. नंतर कितीही साबण लावला तरी तळव्याचा वास जात नाही. मी पोटभर जेवते, पण कपडे ढिले होत चाललेत. काल हात धुताना बोटातली अंगठी मोरीत गेली.

आज दादानं आंघोळीला जाताना शर्ट काढला. मी त्याचा हात धरून उजेडात आणला. कोपराखालून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत होती, चकचकीत. तिकोनी डाग नव्हता. मी दुसरा हात पाहिला, मान पाहिली, पाठ पाहिली. एक ओरखडा नव्हता.

"काय शोधतेयस?" त्यानं विचारलं.

हंड्यात मी त्या दिवशी नक्की कुणाला उकळलं?

"बरं, राहू दे," तो म्हणाला आणि माझा हात ओढून त्यानं आपल्या छातीवर ठेवला.